मानमोडी आणि अंतरिक्ष

'अंतरिक्ष' हा शब्द आमच्या वाशिम जिल्ह्यातील माणसाला विज्ञानाच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही. मालेगाव तालुक्यातील शिरपूरच्या पार्श्वनाथांना 'अंतरिक्ष पार्श्वनाथ' म्हणतात. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. शाळेच्या सहलीत मी ती प्रथम पाहिली, तेव्हा अंतरिक्ष म्हणजे जमिनीपासून सुटलेली जागा एवढे कळले होते. पुढे डॉ. जयंत नारळीकरांच्या कथा हाती आल्या आणि त्या सुटलेल्या जागेत कृष्णविवरे, धूमकेतू आणि परग्रहावरचे प्राणी येऊन बसले.

प्रस्तुत लेखाचा विषय याच अंतरिक्षातून येणारा एक रोग आहे. तो आधी कादंबऱ्यांमध्ये अवतरला, नंतर शास्त्रज्ञांच्या ग्रंथात शिरला आणि तेथून थेट १९१८ सालच्या मुंबईपर्यंत येऊन पोचला. मी स्वतः त्याचा प्रचारक होतो. वीसेक वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत 'रोग आकाशातून येतात काय?' या विषयावर मी तासभर बोललो आणि उत्तर बहुतांशी 'होय' असे दिले. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतील एक वृद्ध गृहस्थ उठले. म्हणाले, "भाऊ, आभायातून पडलं त सगळ्याइवर सारखंच पडाले पाह्यजे ना? मंग गरिबाच्या घरी जास्त काऊन पडलं?"

सभागृह हसले. मीही हसलो आणि काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. ते उत्तर मला अजून टोचते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. गृहस्थ आज हयात नाहीत. २० मे २०२५ रोजी नारळीकरही गेले. ज्यांच्यामुळे मी या वाटेला लागलो, त्यांच्याच रीतीने ही वाट तपासावी, असे यंदा मनाने घेतले.

कल्पनेतला रोग

परग्रह आणि रोगजंतू यांची गाठ कथेत प्रथम ठळकपणे घातली एच. जी. वेल्स यांनी. १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीत मंगळवासी पृथ्वी जिंकत आणतात, पण माणसाची कोणतीच तोफ त्यांना थांबवू शकत नाही. त्यांना मारतात पृथ्वीवरचे साधे जंतू. त्या जंतूंशी हजारो पिढ्या झगडून माणूस तगला होता. मंगळवासीयांची तशी तयारी झालेली नव्हती. कादंबरीतला हा मुद्दा विज्ञानाच्या दृष्टीने मोलाचा आहे आणि पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

१९६९ च्या मे महिन्यात मायकेल क्रायटन यांची 'द अँड्रोमेडा स्ट्रेन' ही कादंबरी आली. तिच्यात दिशा उलटी आहे. आकाशातून परतलेल्या उपग्रहाबरोबर एक अज्ञात जंतू येतो आणि एक गाव जवळजवळ निर्मनुष्य करून टाकतो. दोनच महिन्यांनी अपोलो-११ चे चांद्रवीर परतले. समुद्रातून बाहेर काढल्याबरोबर त्यांना बंदिस्त वाहनात आणि मग ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत वेगळे ठेवण्यात आले. चंद्र सोडल्यापासून २१ दिवस मोजून १० ऑगस्ट १९६९ रोजी त्यांची सुटका झाली. ही योजना कादंबरीच्या आधीच ठरलेली होती, म्हणजे कादंबरी आणि विलगीकरण ही दोन्ही एकाच भीतीची अपत्ये. ज्या रोगाचा एकही रोगी नव्हता त्याच्यासाठी वेगळी इमारत उभी राहिली, नियम झाले, पहारे बसले. १९७१ मध्ये अपोलो-१४ नंतर चंद्रावर जंतू नाहीत याची खात्री पटली आणि ही पद्धत बंद झाली.

मराठीत नारळीकरांनी या कल्पनेला आणखी एक वळण दिले. त्यांच्या 'व्हायरस' कादंबरीत लागण होते ती संगणकांना. त्यांच्या लेखनाची सुरुवात कशी झाली हे जाणकारांना ठाऊक आहेच. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेले हे टोपणनाव. कथा नावावर नव्हे, गुणावर ठरावी, हा हेतू. नारळीकरांचा स्वभाव या एका गोष्टीत दिसतो.

केंब्रिजमध्ये त्यांचे गुरू होते फ्रेड हॉयल. गुरू-शिष्यांनी मिळून १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, हे सर्वज्ञात आहे. हॉयल स्वतः विज्ञानकथाकार होते. त्यांच्या १९५७ च्या 'द ब्लॅक क्लाउड' मध्ये सूर्यमालेत शिरलेला वायूचा ढग बुद्धिमान सजीव निघतो. विश्वाला आरंभ नाही, असे मानणाऱ्या हॉयलना जीवनालाही पृथ्वीवरचा आरंभ असण्याची गरज वाटत नव्हती. धूमकेतूंच्या धुळीत जीवनाची बीजे फिरत असावीत, असे त्यांनी आणि श्रीलंकेत जन्मलेल्या चंद्रा विक्रमसिंघे यांनी मांडले. १९७९ च्या 'डिसीझेस फ्रॉम स्पेस' या ग्रंथात ते आणखी पुढे गेले. धूमकेतूंची धूळ आजही वातावरणात झिरपते, तिच्यात विषाणू असतात आणि इन्फ्लूएन्झासारख्या साथी त्यातून उद्भवतात, असा त्यांचा दावा होता. कादंबरीतला रोग आता शास्त्राच्या ग्रंथात येऊन बसला होता.

बॉस्टन आणि मुंबई

या दाव्याच्या पुराव्यात आपली मुंबई आहे. १९१८ च्या साथीविषयी वैद्यकीय वाङ्मयात एक निरीक्षण होते. साथीची प्राणघातक लाट अमेरिकेतील बॉस्टन आणि हिंदुस्थानातील मुंबई या दोन दूरच्या शहरांत एकाच दिवशी आढळली. मात्र बॉस्टनहून काही तासांवर असलेल्या न्यूयॉर्कला पोचायला तिला तीन आठवडे लागले. हॉयल आणि विक्रमसिंघे म्हणाले, रोग माणसाकडून माणसाकडे जात असता तर जवळचे शहर आधी पडले असते. सबब तो वरून पडला.

मला हा युक्तिवाद फार आवडला होता. जागतिक कोड्यात मुंबईचे नाव आले याचा थोडा अभिमानही वाटला होता. मुंबईच्या नोंदी तेव्हा मी वाचल्या नव्हत्या.

त्या नोंदी सांगतात की रोग मुंबईत सप्टेंबरात नव्हे, जूनमध्येच आला होता. १० जून १९१८ रोजी सात पोलीस शिपाई तापाने पोलीस रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांतला एक गोदीवर नेमणुकीला होता. त्यानंतर गोदीतले, बंदराशी संबंधित कचेऱ्यांतले कामगार आजारी पडू लागले. शहराचे आरोग्य अधिकारी टर्नर यांचा संशय मे अखेर बंदरात आलेल्या एका लष्करी जहाजावर होता. सरकारचे म्हणणे उलटे होते. जहाजावरच्या लोकांनाच मुंबईत लागण झाली, असे सरकार म्हणत होते. रोग कोणाच्या दारातून आला, यावर साथ ऐन भरात असताना वाद चालला होता.

जूनची लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी, मारक लाट उसळली आणि ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे मेली. तोवर महायुद्धाची जहाजे चार वर्षे खंडाखंडांत सैनिक वाहत होती. म्हणजे बॉस्टन आणि मुंबई ही परस्परांपासून दूर असलेली शहरे खरी, पण दोन्ही बंदरे. समुद्राच्या रस्त्यावर ती एकाच पेठेतली दोन दुकाने होती. शिवाय 'एकाच दिवशी आढळली' याचा अर्थ एकाच दिवशी कोणीतरी लिहून ठेवली, इतकाच होतो. नोंदीचा दिवस आणि रोगाचा दिवस एक नसतो. जुनी दप्तरे चाळणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या महिन्यात कळते. मला मात्र ते हॉयल वाचताना आठवले नाही.

वऱ्हाडातली मानमोडी

आमच्याकडे या साथीला इन्फ्लूएन्झा कोणी म्हणत नसे. तिचे नाव 'मानमोडी'. ताप, अंगदुखी आणि मान टाकून पडणारा रोगी, हे सगळे त्या एका शब्दात आहे. माझी आजी तेव्हा लहान होती. तिच्या बोलण्यात 'मानमोडीचं साल' हे काळ मोजायचे एक माप होते. ती सांगायची, "एकाले पोचवून आले का दुसरा तयार राहे." त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. आजीला त्या दिवाळीचे दिवे आठवत नव्हते.

तेव्हा वाशिम नावाचा जिल्हा नव्हता. इंग्रजी अमलातला जुना वाशिम जिल्हा १९०५ मध्ये मोडून अकोल्यात विलीन झाला होता. आजचा जिल्हा १ जुलै १९९८ चा. वाशिम शहराला रेल्वेही नव्हती. ती स्वातंत्र्यानंतर आली. पण मुंबई-नागपूर लोहमार्ग अकोला, मूर्तिजापूरवरून जात होता आणि मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी कापसाच्या पेठेला, कारंज्याला, थांबत होती. ज्या वाटेने आमचा कापूस मुंबईच्या गोदीत जाई, ती वाट परत येण्यासाठीही मोकळी होती.

साथीचा देशभरातला प्रवास पुढे अभ्यासकांनी जिल्हावार मृत्युनोंदींवरून मांडला. मारक लाटेचा कळस आधी मुंबई इलाख्यात, मग आठवड्यांच्या अंतराने मध्य भागात आणि शेवटी पूर्वेकडे असा सरकत गेलेला दिसतो. धुळीचा ढग असा क्रम लावून पडत नाही. माणसे मात्र याच क्रमाने प्रवास करीत होती.

ब्रिटिश अमलाखालच्या प्रांतांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांपैकी होता. हजारी पन्नासांहून अधिक माणसे गेली. सगळ्या देशाचा आकडा अभ्यासक सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत सांगतात. आकड्यांत इतकी तफावत का, हे कळायला तालुक्याच्या अभिलेख कक्षातील कोतवाल बुक पाहावे. आज जातीच्या दाखल्यासाठी लोक ज्या जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधतात, त्याच या. मृत्यूचे कारण लिहिणारा डॉक्टर नव्हता. गावच्या कोतवालाने सांगितलेले कारण लिहिले जाई. त्या काळाची मी पाहिलेली पाने एका शब्दाने भरलेली आहेत, 'ताप'. मलेरियाचा ताप, विषमज्वराचा ताप आणि मानमोडी, सगळे त्याच एका शब्दात.

दुसरी गोष्ट पावसाची. १९१८ चा नैर्ऋत्य मोसमी पाऊस दगा देऊन गेला. तो गेल्या दीडशे वर्षांतील अगदी कोरड्या मोसमांपैकी एक होता. युद्धामुळे धान्य महागले होतेच. मानमोडी आली ती अर्धपोटी घरांत. वीस ते चाळीस वयाची माणसे अधिक मेली आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका अधिक मेल्या. आजाऱ्यांची उस्तवार त्यांच्याकडे, पाणी आणि चूल त्यांच्याकडे, आणि ताटात शेवटचे उरलेले त्यांच्याकडे. १९२१ च्या जनगणनेत या प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा किंचित कमी भरली. देशाच्या लोकसंख्येच्या इतिहासात १९२१ हे विभाजक वर्ष मानले जाते. त्यानंतर लोकसंख्या कधीही घटली नाही.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. मुंबईच्या आरोग्य खात्याने इन्फ्लूएन्झाच्या मृत्यूंचे समाजवार दर काढले होते. युरोपियनांत हजारी ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२ आणि ज्यांना तेव्हा खालच्या जाती म्हटले जाई त्या हिंदूंत ६१.६. एकच शहर, एकच आकाश आणि मृत्यूच्या दरात सातपटींहून अधिक अंतर. आकाशातली धूळ बंगल्यावर आणि चाळीवर सारखीच पडते. एका खोलीत दहा माणसे कोठे निजतात, रोग्याला वेगळे ठेवायला जागा कोणाकडे आहे, दूध कोणाच्या घरी येते, हे आकाशाला ठाऊक नसते. हा तक्ता मी व्याख्यानाआधी पाहिला असता तर ते व्याख्यान झालेच नसते. वृद्ध गृहस्थांनी तो न पाहताच प्रश्न विचारला होता.

एकेचाळीस किलोमीटरवर

यावरून हॉयल आणि नारळीकर यांची चेष्टा करून मोकळे होणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचे होईल. नारळीकरांनी या कल्पनेसाठी जे केले ते बहुतेक कल्पनांच्या वाट्याला येत नाही. त्यांनी ती तपासायला घेतली.

वरून जंतू झिरपत असतील तर ते उंचावर सापडले पाहिजेत, हा साधा तर्क. २१ जानेवारी २००१ रोजी हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रातून इस्रोच्या साहाय्याने एक बलून सोडण्यात आला. ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांत गोळा केली गेली. नमुन्यांत सूक्ष्मजीव आढळले. शंका अशी की ते प्रयोगशाळेतच मिसळले असतील. म्हणून २० एप्रिल २००५ रोजी अधिक काळजीने दुसरे उड्डाण झाले. या वेळी नमुने दोन स्वतंत्र ठिकाणी तपासले गेले, हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन जाती तोवर अज्ञात होत्या. एकीला हॉयल यांचे नाव मिळाले, जॅनिबॅक्टर हॉयली. दुसरीला इस्रोचे, बॅसिलस इस्रोनेन्सिस. तिसरीला आर्यभटाचे, बॅसिलस आर्यभट्टाय. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने स्पष्ट केले की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही.

कल्पनेची ओढ मात्र शास्त्रज्ञांनाही असते. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा विक्रमसिंघे, वेनराइट आणि नारळीकर यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून तो विषाणू अंतरिक्षातून आला असण्याची शक्यता वर्तवली. पुढे तशाच विषाणूंचा माग वटवाघळांपर्यंत लागला. करोनाच्या वेळी विक्रमसिंघे यांनी पुन्हा ऑक्टोबर २०१९ मध्ये चीनवर फुटलेल्या उल्केकडे बोट दाखवले.

या मांडणीतला मुख्य दोष वेल्सने सव्वाशे वर्षांपूर्वी नकळत दाखवला होता. जंतू आणि त्याचा यजमान यांचे नाते जुने असावे लागते. विषाणू तर आपल्या पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेवर स्वतःच्या प्रती काढतो. कुलूप कधी न पाहिलेल्याने घडवलेली किल्ली नेमकी बसावी, इतके हे अवघड आहे. १९१८ च्या विषाणूचा संपूर्ण जनुकीय आराखडा २००५ मध्ये जुळवून झाला. अलास्कातील गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका स्त्रीच्या फुप्फुसाचा त्यात मोठा वाटा होता. तो विषाणू पक्ष्यांतल्या इन्फ्लूएन्झा विषाणूंचा नातेवाईक निघाला. त्याचे कूळ याच पृथ्वीवरचे.

२००८ च्या सुमारास नारळीकरांनी फलज्योतिषाची सांख्यिकी चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र करून ज्योतिषांना ओळखायला सांगितल्या; २७ ज्योतिषांचे यश सरासरी ४६ टक्के आले, नाणेफेकीइतकेच. आपल्या आवडत्या कल्पनेचीही अशीच परीक्षा घ्यावी, हे त्यांच्या बलूनने दाखवले. मी त्यांच्याकडून फक्त कल्पना घेतली, परीक्षा घेतली नाही. ही चूक माझी.

शीव

जुन्या काळी गावात पटकी आली की मरीआईचा गाडा काढीत. पूजा करून तो वाजतगाजत शिवेपर्यंत नेत आणि पुढच्या गावच्या हद्दीत सोडून येत. पुढचे गाव तो त्याच्या पुढच्या गावाला नेऊन पोचवी. टर्नर यांनी तो जहाजावर लोटला, सरकारने मुंबईवर. २०२० मध्ये पुण्या-मुंबईहून पायी परतणाऱ्या आपल्याच लेकरांसाठी आपण गावच्या रस्त्यांवर काट्या टाकल्या. धूमकेतूंचा सिद्धांत वाचताना आता मला हाच गाडा दिसतो. पृथ्वीवरच्या सगळ्या शिवा संपल्या, म्हणून तो अंतरिक्षात नेऊन सोडला. रोग तिकडचा ठरला की इकडच्या खोल्या, इकडचे ताट आणि इकडचे कोतवाल बुक कोणी पाहायला नको.

शेवटी बॅसिलस आर्यभट्टायबद्दल. बलूनमध्ये सापडलेल्या या जिवाणूचे पुढे काय झाले, याचा मी सहज शोध घेतला. कोरियातील संशोधकांना तो सोयाबीनच्या मुळांभोवतीच्या मातीत मिळाला. २०१४ मध्ये मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत सोयाबीन आणि गव्हावर त्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. मातीतले न विरघळणारे जस्त तो पिकाला मिळवून देतो, असे दिसले. आमचा जिल्हा सोयाबीनचा. एकेचाळीस किलोमीटर उंचीपर्यंत ज्याच्या शोधात गेलो, त्याचे भाऊबंद सोयाबीनच्या मुळाशी मातीत राहतात.

मागच्या खरिपात शेतातून उपटलेल्या एका झाडाची मुळे मी बराच वेळ हातात धरून पाहिली. डोळ्यांना अर्थातच काही दिसले नाही. माती तेवढी हाताला लागली.